चौकातल्या कॅप्टनची मिशी

मी एक जुना अर्धपुतळा आहे, ब्राँझचा, चौकात बँकेसमोर बसवलेला. मित्रांनो, येता-जाता तुम्ही मला कॅप्टनसाहेब समजून सलाम ठोकता. ठोका बापडे. पण मी त्याचा कुणी लागत नाही. तो कॅप्टन जेमतेम पंचविशीचा पोरगा होता. दरडीखाली गाडल्या गेलेल्या आपल्या जवानांना उकरून काढत होता, तेवढ्यात वरून दुसरी दरड आली आणि तो गेला.

मूर्तिकाराने मला आधी मातीत घडवलं, तेव्हा मात्र मी खरा होतो. किडकिडीत मान, सुपासारखे कान, ओठावर मिसरूडही धड नाही, हसू दाबून धरल्यासारखं तोंड. त्याची आई बघायला आली. ओल्या मातीच्या कानाला बोट लावून म्हणाली, "हाच. मास्तरांनी पिळून पिळून असे करून ठेवले होते." रडता रडता हसली बाई. माझ्या आयुष्यातला तेवढा एक दिवस चांगला गेला.

मग उगवली स्मारक समिती. अध्यक्षांनी माझ्याभोवती चक्कर मारली आणि नाक मुरडलं. "हे काय, कॉलेजातलं पोर वाटतंय. वीर असा असतो का? मिशी लावा चांगली भरघोस. छाती रुंद करा."

या गृहस्थांना गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी घाम फुटतो, पण वीर कसा असतो ते यांनाच ठाऊक. मूर्तिकारही त्यातलाच. नंदीबैलासारखी मान डोलावली आणि मातीचे दोन गोळे माझ्या ओठावर थापले. कान डोक्याला चिकटवून टाकले. त्याच थोबाडाचा साचा घेतला, ब्राँझ ओतलं, आणि मी कायमचा खोटा झालो.

अनावरणाला पडदा सरकला. आई बघतच राहिली. शेजारी उभ्या लेकीला म्हणाली, "हा कोण गं?" लेकीने तिचा हात दाबला, कारण अध्यक्ष तोवर भाषणात शत्रूच्या गोळ्यांपर्यंत पोचले होते. दरडीचा उच्चारही नाही. दगडमातीने मेलेला वीर त्यांच्या भाषणाला शोभत नव्हता.

नंतर आईने अध्यक्षांकडे खेटे घातले. "एवढी मिशी घासून टाका हो. माझं पोर मला ओळखू येऊ दे."

"आई, आता तो तुमच्या एकटीचा राहिला नाही," म्हणत साहेब चहा सांगायचे. झाली सुनावणी.

पुढे वर्तमानपत्रांनी माझाच फोटो छापला, शाळेच्या भिंतीवर माझंच चित्र निघालं. वर्षातून एकदा मला धुतात. एरवी माझ्या गळ्यात शिकवणीच्या जाहिराती लोंबतात. मला त्याचं सोयरसुतक नाही. खोट्या तोंडाला अंघोळ हवीय कशाला?

यंदा स्मृतिदिनाला त्याची भाची मामा बनून आली. डोक्यावर लष्करी टोपी, ओठावर पेन्सिलीने रंगवलेली माझी मिशी. आजीने रुमाल ओला केला आणि ती पार पुसून टाकली.

"तुझ्या मामाला मिशी नव्हती."

पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं. "आहे की." तिचे ओठ थरथरायला लागले. "आता मला मामा कोण म्हणणार?"

माइकवरून तिला बोलावणं आलं. आजी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने लेकीकडून पेन्सिल मागून घेतली, नातीची हनुवटी धरली आणि स्वतःच्या हाताने तिला माझी मिशी रंगवून दिली. पोरगी व्यासपीठावर गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी डोळे टिपले, ढोंगी मेला.

मित्रांनो, मला पॉलिश करू नका, फुलं वाहू नका, माझ्यासाठी काहीच करू नका. त्या आजीकडे जा. तो कसा दिसायचा, कसा हसायचा ते विचारा, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. लवकर जा. तिने आता आपणहून सांगणं सोडलंय.