रोबोटची दृष्ट

रोबोटला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि कोल्हापूरच्या त्या मंगल कार्यालयातली गर्दी "चांगभलं!" म्हणून ओरडली. लोखंडी हातांनी द्राक्षाची साल सोलली तेव्हा तर लोकांनी हातच जोडले.

"पावणं, बघा!" रोबोटच्या ऑपरेशनासाठी नावं गोळा करणारा एजंट सम्राट माईकवर गरजला. "दुर्बिणीच्या ऑपरेशनात माणसाचा हात थरथरतो. ह्यो स्वयंभू! ह्योच पोट उघडणार, ह्योच शिवणार. डॉक्टर नको, पथ्य नको. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा!"

पुढं दोन खुर्च्या जोडून बसलेल्या पिराजीरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. जुने पैलवान. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. आता साखर चढली होती, गुडघे गेले होते. डॉक्टरांनी दुर्बिणीनं जठर लहान करू म्हटलं. पण पुढं जन्मभर वाटीभर जेवायचं ऐकून गडी पळून आला होता.

"चिमणे, घाल माझं नाव," ते बायकोला म्हणाले.

चिमणाबाई आधी स्टेजवर गेल्या. एवढ्या गुणी लेकराला नजर लागली असणारच! त्यांनी बाजाराच्या पिशवीतून मूठभर संकेश्वरी मिरच्या काढल्या, रोबोटवरून ओवाळल्या आणि धुपाच्या निखाऱ्यांवर टाकल्या.

"मावशी, न्हाय न्हाय!" सम्राट ओरडला, तोवर धूर सुटला होता.

मागच्या पडद्याआडून कुणीतरी जोरात खोकलं. त्यासरशी लोखंडी हात उडाला आणि द्राक्ष पिराजीरावांच्या मिशीवर आपटून तिथंच चिकटलं. पुन्हा खोकला, आणि सम्राटचा फेटा खाली.

"आयला, यंत्राला ठसका?" पिराजीरावांनी स्टेजवर चढून एका हिसक्यात पडदा ओढला. आत दोन्ही मुठींत दांड्या धरून एक बाई दंडाला डोळे पुसत होत्या.

"मी डॉक्टर राजनंदिनी. माझे हात हलतात तसे याचे हलतात. उजेड आड येऊ नये म्हणून पडदा लावलाय, असं या एजंटनी मला सांगितलं, आणि बाहेर हे असलं सांगतायत? मी थांबवणारच होते, तेवढ्यात हा धूर!"

"म्हंजे ह्यो सोता काय बी करत न्हाय?" पिराजीरावांनी विचारलं.

"काही नाही. दुर्बीण असो की रोबोट, ऑपरेशन सर्जनच करतो, बारीक छिद्रांतून. रोबोटनं सर्जनला काही वेळा सोय होते, वेळ मात्र जास्त लागू शकतो. वजन दोन्हींत साधारण सारखंच उतरतं. आणि पथ्य दोन्हीकडं. काका, ऑपरेशनच्याच संध्याकाळी रस्सा ओरपला असता, तर टाक्यांवर ताण येऊन जिवावर बेतलं असतं."

पिराजीराव सम्राटकडं वळले. सम्राट मागच्या दारानं सटकला.

मंडळी, यंत्र चांगलंच आहे हो, पण त्याला नारळ कशाला? ज्याच्या हाती पोट द्यायचं त्या माणसाला चार प्रश्न विचारा, आणि उत्तर पटलं तरच टेबलावर झोपा.

पिराजीरावांनी मिशीवरचं द्राक्ष काढून बायकोच्या हातावर ठेवलं. "चिमणे, उद्या आपल्या डॉक्टरकडं जाऊया. आन् घरात लहान वाटी हाय का बघ."