पुढून दोन इंच

शालिग्राम मिस्त्रीनं पिकअपच्या पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून टेप लावली, मग मागच्या चाकापाशी लावली. उठून हात पुसत म्हणाला, "भाईसाहब, गाडी में कोई खराबी नहीं है. बिलकुल ठीक खडी है."

"खराबी नाही ते मलाही दिसते," मी म्हणालो. "पुढून दोन इंच उचलून दे. मागच्या बरोबरीला आण."

माझ्या बायकोच्या, कुंदाच्या, गाडीचं काम करून करून त्याला मराठी कळायला लागलं होतं. बोलायचा मात्र हिंदीच.

"खाली है, इसलिए पीछे से उठी दिखती है. माल भरो, अपने आप बराबर. आगे स्प्रिंग के ऊपर स्पेसर डाल दिए तो माल भरते ही नाक आसमान में जाएगी. स्टेअरिंग हल्का पडेगा, लाइट सामनेवाले की आँख में मारेगी. लोडिंगवाला आदमी तो ऐसी गाडी को हाथ न लगाए."

हेच मला ऐकायचं होतं. हे मला आधीपासून माहीत होतं. बडा फुहाऱ्याच्या चौकात एकदा कोणा शौकिनाची अशी उचललेली गाडी दिसली होती, तेव्हा कुंदानंच मला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि त्या माणसाला मनसोक्त नावं ठेवली होती.

"डाल दो," मी म्हणालो.

शालिग्राम माझ्याकडे पाहत राहिला. "दीदी होतीं तो पाना फेंककर मारतीं मुझे."

"दीदी नाही," मी म्हणालो.

त्यानं चावी घेतली आणि गाडी घेऊन गेला. ती चावीही मी खोटं बोलून मिळवली होती. अवंतीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, ती शेजारच्या इंदूवहिनींकडे ठेवली होती. गिऱ्हाईक यायच्या आधी सर्व्हिसिंग करून घेतो, असं सांगून मी ती मागून आणली.

रविवारी जवळच्या पाटन गावाहून गिऱ्हाईक येणार होतं. अंकुर पटेल नावाचा मटारचा व्यापारी. अवंतीनं नागपुरातून फोनवरच सगळं ठरवलं होतं. तिचा काही दोष नाही. मे महिन्यात मी या गाडीत काचा लावून बसलो आणि बेशुद्ध झालो. इंदूवहिनींचं लक्ष गेलं म्हणून वाचलो. दवाखान्यात अवंती उशाशी बसून म्हणाली, "बाबा, ती गाडी विकून टाकू या." मी म्हणालो, "विकून टाक." सलाईन चालू होतं, डोकं जड होतं. पण शब्द दिला होता. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून ठरवलं की गाडीच अशी करून ठेवायची की पाहणाऱ्यानं स्वतःच नको म्हणावं.

गाडी कुंदाची. मोठी पातेली, पराती, शेगड्या, पाट, चौरंग असं सगळं ती मुंजीला, लग्नाला भाड्यानं द्यायची. आमच्या इथल्या मराठी घरांत कार्य निघालं की आधी तिला फोन. गाडी तीच चालवायची. मला येत नाही. कारखान्यात सायकलनं गेलो आणि सायकलनंच रिटायर झालो. त्यानंतर माझं काम एकच, तिच्या बाजूच्या सीटवर बसायचं. ती सामान पोचवायला आत जायची आणि मी गाडीत थांबायचो. गाडीत माणूस दिसलं की पोलीस हटकत नाही. आतल्या बाया तिला लवकर सोडायच्या नाहीत. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, मुलीच्या सासरच्या गोष्टी व्हायच्या. मी डोळे मिटून बसायचो. मग दार आपटल्याचा आवाज यायचा आणि गाडी सुरू व्हायची. तिला दार हळू लावता आलंच नाही कधी.

फेब्रुवारीत ती गेली. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारी संपलं. तेराव्यानंतर अवंतीनं सगळी भांडी इथल्या मराठी मंडळाला देऊन टाकली. चांगलंच केलं. पण सामान उतरलं तशी गाडी मागून वर आली. इतक्या वर्षांत मी तिला पूर्ण रिकामी पाहिली नव्हती. अंगणात ती नाक खाली घालून उभी राहिली.

शालिग्रामनं दुसऱ्या दिवशी गाडी आणून उभी केली. पुढून उचललेली, सरळ. "अलाइनमेंट भी कर दिया है," तो म्हणाला. "निकलवाना हो तो बता देना, भाईसाहब. मन करे तब."

शनिवारी अवंती आली. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "बाबा, ही अशी काहून दिसून राहिली?"

"सर्व्हिसिंग केलं."

"सर्व्हिसिंगनं गाडी उंच होते का?"

मी चहा टाकायला आत गेलो.

रविवारी अंकुर पटेल मोटरसायकलवर आला, मागे पुतण्या चिराग. अंकुर वाकला, चाकांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"ये आगे से किसने उठवा दी?"

"मैंने," मी म्हणालो.

"बाबूजी, लोडिंग की गाडी का ये क्या कर डाला? हमारे किस काम की?"

कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. अवंती माझ्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं. मी तिची नजर टाळली. तेवढ्यात चिराग गाडीला हात लावत पुढून मागे गेला आणि मागून पुढे आला.

"चाचा, यही लेनी है! लेवल करवाई हुई है! मैं तो लेकर करवानेवाला था."

"और मटर? मटर तेरी ससुराल ढोएगी?"

"मटर पुरानीवाली में जाएगी. ये मैं चलाऊँगा."

अंकुरनं कपाळाला हात लावला, मग हसला. अवंतीला म्हणाला, "दीदी, इसका ब्याह है दिसंबर में. चलो, पक्की समझो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही."

"बाबा, आत चला," अवंती म्हणाली. पण मी अंगणातून हललो नाही, तेव्हा तिथंच हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच म्हणाले होते विकून टाक."

"म्हणालो होतो. आता नाही म्हणतो."

"मग मला फोनवर सांगायचं होतं. गाडी बिघडवून ठेवली तुम्ही. मला फसवायला?"

"तुला सांगता येत नव्हतं."

"आणि परत आत काचा लावून बसले तर? मी नागपुरातून किती वेळात येऊ, सांगा ना. आई गेली तेव्हाही मी रस्त्यातच होते." तिचा आवाज चिरकला. "काय आहे हो त्या गाडीत?"

हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"तिथं बसलो की वाटतं, ती कोणाच्या घरी आत गेली आहे," मी म्हणालो. "मी थांबलो आहे. येईल. बाकी घरात कुठंही तसं वाटत नाही. घरात ती गेलेलीच आहे."

 अवंतीनं पदरानं पुसावेत तसे ओढणीनं डोळे पुसले. अंकुर मोटरसायकलकडे सरकला होता. चिरागला मराठी कळत नव्हतं. त्यानं विचारलं, "एक राउंड मार लूँ?"

कोणी हो म्हणायच्या आधी मी दार उघडून माझ्या सीटवर चढलो. गाडी माझ्याशिवाय फाटकाबाहेर जाणार, हे मला पाहवलं नसतं. अवंती ओरडली, "बाबा!" मग चिरागला म्हणाली, "भैया, धीरे चलाना. और काँच खुली रखना."

चिराग धीरे चालवणारा नव्हता. नदीकडे, ग्वारीघाटच्या रस्त्याला लागला. गतिरोधकावर पुढचा भाग असा उडाला की माझे दात वाजले. तो खुश होता. घाटाच्या अलीकडे पूजेच्या दुकानांशी त्यानं गाडी कडेला घेतली.

"नई गाडी है, नारियल तो बनता है. आप बैठे रहो अंकल, नहीं तो पुलिसवाला हटवा देगा."

तो गेला. मी बसलो. फुलवाल्या ओरडत होत्या, कोणी दिवे मांडत होतं. मी डोळे मिटले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. ती आत गेली आहे. चहा चालला असेल. मी अजून तासभर बसलो असतो, दिवसभर बसलो असतो.

दार आपटलं. गाडी हलली, सीट दबली. मी डोळे उघडले नाहीत. जेवढा वेळ उघडले नाहीत तेवढा वेळ ती होती.

"ये पकडो अंकल," चिराग म्हणाला आणि माझ्या मांडीवर नारळ ठेवला.

मी त्याच्याकडे पाहिलं. पोरगाच तो. केसांना तेल, कपाळावर ताजा टिळा, हात स्टेअरिंगवर. तो तिथं होता म्हणून तिला बसायला जागा नव्हती. आणि शालिग्रामकडून स्पेसर काढून घेतले, गाडी पुन्हा आधीसारखी केली, अंगणात जन्मभर ठेवली, तरी त्या दारातून कोण येणार होतं? मी मे महिन्यात थांबलो होतो. मरेपर्यंत थांबलो होतो. तेव्हाही ती आली नव्हती. इंदूवहिनी आल्या होत्या.

"अंकल? तबीयत ठीक है?"

"चलो घर," मी म्हणालो. मग गाडी वळल्यावर म्हणालो, "इसमें माल मत भरना. भरना हो तो पहले आगे से नीचे करवा लेना. रात को सामनेवाले को कुछ दिखेगा नहीं."

"हओ अंकल. मटर नहीं भरूँगा."

घरी अवंती फाटकात उभी होती. चिरागनं इंजिन बंद केलं. ती माझ्या बाजूला आली आणि तिनं दार उघडलं.

"दे त्यांना," मी म्हणालो.

"नक्की? बाबा, मी सांगते त्यांना, नाही म्हणून. काचा उघड्या ठेवू, इंदूकाकू लक्ष देतील—"

"दे. आता विचारू नको."

मी उतरायला पाय खाली सोडला. इतकी वर्षं याच दारातून उतरलो, न पाहता उतरलो. आता जमीन लागेना. पाय तसाच लोंबकळत राहिला आणि मला एकदम रडू फुटलं. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, तिथं फुटलं, दोन परक्या माणसांच्या देखत, नारळ पोटाशी धरून.

अवंतीनं नारळ काढून घेतला आणि खाली ठेवला. मग माझे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले.

"उतरा," ती म्हणाली. "मी धरलं आहे."