चाक थांबलं त्या घरी

"आतून बोटं फिरव पमे, भिंत सगळीकडं सारखी लागली पाहिजे." आईचा हा आवाज पद्मिनीच्या कानात बत्तीस वर्षं जपलेला होता. पाठोपाठ गारगोटीची घासघास, आणि तिच्या ठेक्यावर आईची ओवी:

घोट गं माझ्या लेकी, मडक्याची काया
आत राहू दे बोटं, वर राहू दे माया

मार्च २००४. अमेरिकेत, मिशिगनच्या ट्रॉयमधल्या स्वयंपाकघरात रविवारच्या दुपारी तो आवाज पुन्हा आला, कारण लेकीने टेबलावर मडक्यांचे फोटो मांडले होते. आन्या अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठात पुरातत्त्व शिकत होती. मंगळवारी प्राध्यापकांसमोर तिचं भाषण, म्हणून आज आईसमोर प्रॅक्टिस. मराठी मंडळाच्या पाडव्याची कामं वाटायला आलेल्या शैलजाताईही चहाचा कप घेऊन ऐकायला बसल्या.

"तर, तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये मायसीनीचे राजवाडे जळाले," आन्या म्हणाली. "कारकून गेले, त्यांच्याबरोबर लिहिणंच गेलं. आणि चाकावरच्या सुबक भांड्यांमध्ये ही अशी दिसायला लागली. हातानं केलेली, रफ. सो माझा पॉइंट असा, की बाहेरून कुणीतरी आलं. ज्यांना चाक माहीतच नव्हतं."

"दिसतंयच की," शैलजाताई म्हणाल्या. "अडाण्यांचं काम. असलं कुणी फुकट दिलं तरी मी अंगणात ठेवणार नाही. काय गं पद्मिनी?"

पद्मिनीने फोटो जवळ ओढले. पंचवीस वर्षांपूर्वी, पहिल्याच हिवाळ्यात, याच शैलजाताईंनी तिला विचारलं होतं, माहेरी काय करतात? "बिझनेस आहे," ती म्हणाली होती. वडील कुंभार होते हे नवऱ्याला, देवदत्तला, ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही, पोटच्या पोरीलासुद्धा नाही. आता तोंड उघडलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार. नाही उघडलं तर मंगळवारी ही पोर उभी राहणार, आणि तिथल्याच घरांतल्या बायांच्या हातचं काम परक्यांच्या नावावर घालणार.

तिने एक फोटो उचलून खिडकीशी धरला. काठाच्या आत बोटांचे ठसे होते, लहान, एकाला एक लागून.

"अडाण्याचं नाही हे," ती म्हणाली. "जाडी बघ, कुठे कमी नाही, जास्त नाही. हात मुरलेला आहे. आणि ही चमक बाहेरून गारगोटीनं घोटल्याची."

आन्या हसली. "आई, तू तर कुंडीपण प्लॅस्टिकची आणतेस. हाऊ डू यू नो?"

"बाहेरचं कुणी यायला कशाला हवं? चाक फिरवणारा गेला असेल. लढाईत म्हण, आगीत म्हण. घरात रांधायला तर भांडं लागतंच. मग बाईनं केलं."

"बट चाक होतं ना घरात? मग तिने चाकच का नाही वापरलं?"

"चाकाला बाईनं हात लावायचा नसतो."

"अगंबाई, हे कुठलं शास्त्र?" शैलजाताईंनी कप खाली ठेवला. "असं कुणाकडे असतं?"

फ्रिजची घरघर थांबली. पद्मिनीने फोटो लेकीच्या हातात दिला आणि खुर्ची ओढून शैलजाताईंच्या समोर नीट बसली.

"आमच्याकडे," ती म्हणाली. "बहात्तर साली बाबांचा उजवा हात बैलगाडीखाली आला. वर्षभर चाक कोपऱ्यात उभं होतं. आईनं आणि मी हातानं मडकी केली, अशीच, आणि अख्खं गाव त्यात शिजवून जेवलं. तुम्ही विचारलं होतंत शैलजाताई, तेव्हा मी बिझनेस म्हणाले. मी कुंभाराची मुलगी आहे. आन्या, तू कुंभाराची नात आहेस. मंगळवारी सांग त्यांना, कुणाकडून कळलं ते."