भिंतीवरची आई

ठकीचा बाप रंगारी. आयुष्यभर त्याने लोकांच्या भिंती लोकांना हव्या त्या रंगात रंगवल्या. ठकीची आई दूरच्या शहरात, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीला सांभाळायला राहायची. चार-सहा महिन्यांनी आठवडाभर घरी यायची. एरवी घरात बाप-लेक दोघंच.

पोर सहा वर्षांची, पण तोंडातून शब्द काढील तर शपथ. वह्यांच्या कडा मात्र चित्रांनी भरलेल्या. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी रंगाऱ्याने पलंग बाजूला ओढला, मागच्या भिंतीला पांढरा हात मारला आणि कामावरून उरलेले रंगाचे डबे तिच्यापुढे ठेवले.

"काय काढू?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? भिंत तुझी."

"चुकलं तर?"

"चुकायला ते काय गणित आहे?"

आधी तिने कोपऱ्यात नुसते ठिपके दिले. मग हळूहळू हात सुटला. माणसापेक्षा मोठा निळा कुत्रा आला, त्याच्या पाठीवर खुर्ची आली. हे असं का, ते तसं का, असं रंगाऱ्याने कधी विचारलं नाही. "हा कुत्रा दारात मावतो का गं?" एवढंच विचारायचा, आणि मग ठकी जी सुरू व्हायची ती जेवण संपेपर्यंत. त्याचा जीव भांड्यात पडला.

एकदा तिने आई काढली. स्टुलावर चढून, हात पोचेल तिथपर्यंत उंच. हातात पिशवी, पाठीवर लांबलचक वेणी, पाय दाराकडे वळलेले. चेहऱ्याच्या जागी मात्र कोरी भिंत. रंगाऱ्याच्या ओठांवर प्रश्न आला होता, तो त्याने गिळला.

पुढच्या महिन्यात आई घरी आली. ठकीने तिचा हात धरून भिंतीपाशी नेलं. "ही तू."

"आणि माझं तोंड?"

"फोनवर असतेस तेव्हा दिसतं. मग जातं."

आई हसली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ठकी शाळेत गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जगाची घरं रंगवता. माझं तोंड तेवढं काढा."

"ते तिचं चित्र आहे."

"आणि ती माझी मुलगी आहे. परक्याच्या आईचं सगळं करते मी, आणि माझ्याच घरात मला तोंड नाही."

आपण करतोय ते बरं नाही, हे त्याला ब्रश उचलताना कळत होतं. तरी त्याने फोटो समोर ठेवला आणि चेहरा काढला. हात कसलेला होता. हसू उतरलं, हनुवटीवरचा तीळसुद्धा उतरला. बायको कितीतरी वेळ बघत राहिली. "अगदी मी," म्हणाली.

ठकी शाळेतून आली, पाठीवर दप्तर तसंच ठेवून भिंतीपुढे उभी राहिली. "छान आहे," म्हणाली. पाहुण्यांनी आणलेला नको असलेला फ्रॉक बघून म्हणायची, तसं. आईने तिला जवळ घेतलं. त्या 'छान'चा अर्थ आईला कळला नाही.

आई परत गेली. डब्यांतल्या रंगांवर साय धरली. रंगाऱ्याने पुन्हा सगळी भिंत पांढरी केली, नवे डबे उघडले.

"घे. काढ काय हवं ते."

"तूच काढ बाबा. तुला येतं."

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर समजूत तरी काढता आली असती.

त्यानंतर ती शाळेत फळ्यावर असेल तेच काढू लागली. रंग रेघेबाहेर जाऊ द्यायची नाही. बाईंनी रंगाऱ्याला मुद्दाम थांबवून सांगितलं, "हात फार सुधारलाय हो तिचा." तो मान हलवून घरी आला आणि पलंग भिंतीला लावून टाकला. घरात पुन्हा दोघंच, जेवताना फक्त ताटांचा आवाज.

एका संध्याकाळी आईचा फोन आला. "ठकी काढते का काही?"

त्याने पलीकडे बघितलं. ठकी पट्टी धरून वहीत समास आखत होती.

"काढते की."

"मग दाखवा ना मला."

"आत्ता नको," तो म्हणाला. "ओलं आहे अजून."