पंपवाल्याचा सदरा

टेलरमास्तरांनी सांगितलेल्या दिवशी कपडे दिले, असं गावात कधी घडलं नव्हतं. "उद्या या," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या 'उद्या'च्या नादात लग्नातले सदरे लोकांनी बारशाला घातले होते. तेव्हा एका रविवारी सकाळी सगळे खाकी सदरे तयार आहेत, असा मास्तरांचा निरोप आला, तिथेच गावाला शंका यायला हवी होती.

त्याचं मूळ निवडणुकीत होतं. पंचायतीच्या पाण्याच्या पंपावरचा म्हातारा पंपवाला निवृत्त व्हायचा होता. जागा एकच, पण पक्की, आणि घरापासून चार पावलांवरची. मास्तरांच्या मुलीने शहरात राहून पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती शिकून घेतली होती. हात चांगला होता, पण काम मिळेना. दुकानात बापाच्या शिलाई मशीनला तेल घालण्यात तिचं शिक्षण खर्ची पडत होतं. पोरीचा उतरलेला चेहरा बघून मास्तरांना जेवण जात नसे.

अशात होईलभाऊ दारात आले. पंचायतीच्या निवडणुकीला उभे होते. खरं नाव त्यांचं त्यांनाच ठाऊक. गाव त्यांना होईलभाऊच म्हणायचं. नळ गळतोय? होईल. रस्ता खचलाय? होईल. जावयाची बदली? तीही होईल!

"मास्तर, पंपाची जागा तुमच्या लेकीची," ते हळूच म्हणाले. "खाकी सदरा शिवून ठेवा. मी निवडून आलो की दुसऱ्या दिवशी अंगात घालून थेट पंपावर. फक्त कुणाला बोलू नका. बभ्रा झाला की विरोधक खोडा घालतात. आणि घरातली मतं तेवढी..."

"ती तुमचीच," मास्तर म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी खाकी कापड फाडलं. उमेदवाराच्या शब्दापेक्षा अंगावरचा सदरा माणसाला पक्का वाटतो. होईलभाऊ हे नेमकं ओळखून होते.

दोन दिवसांनी गिरणीवाला आला. दुकानाचं दार अर्धं ओढून घेत म्हणाला, "पुतण्याला एक खाकी सदरा शिवायचाय. दोन खिशांचा. कुणाला सांगू नका." मग दूधवाला जावयाचं माप घेऊन आला. तोही कानाशी लागून बोलला. गवंड्याने तर भावाला मागच्या दाराने आणलं. मास्तरांनी सगळ्यांची मापं घेतली. आधी त्यांना काहीच वाटलं नाही, मग काहीतरी वाटलं, आणि आणखी एक गिऱ्हाईक "गुपचूप शिवा हं" म्हणाल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मास्तरांची थोरली बहीण आक्का काज-बटणांचं काम करायची. तिने समोरचा ढीग बघितला.

"काय रे, फौज उभी करतोयस का?"

"फसवलं मला!" मास्तरांनी कात्री आपटली. "माझ्या तोंडावर शब्द दिला होता त्याने! आणि तोच शब्द गावभर वाटून आला!"

आक्काने शांतपणे सुईत दोरा ओवला. "तुला राग नक्की कशाचा आलाय? त्याने नोकरी विकायला काढली याचा, की एकट्या तुला विकली नाही याचा?"

"म्हणजे?"

"शब्द खरा निघाला असता, तर आज तू गावभर मिरवला असतास. गिरणीवाल्याचा पुतण्या आपल्या पोरीपेक्षा चांगला निघाला असता, तरी तू त्याच्या तोंडचा घास काढून घेतला असतास. खोटं की खरं?"

"पोरीला काम येतं, आक्का!"

"येतं ना? मग होईलभाऊ कशाला हवा? ज्याला येतं त्याने परीक्षा मागावी. वशिला न येणाऱ्याला लागतो. आणि हे बघ, मत दिलेल्या माणसाला जाब विचारता येतो. मत विकलेल्याने काय विचारायचं? उद्या नळाला पाणी नाही आलं, तर तो म्हणेल, तुमचं माझं केव्हाच फिटलंय."

मुलगी आतल्या टेबलावर इस्त्री करत होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबा, मला वाटत होतं, तुमचा माझ्या कामावर भरवसा आहे."

एवढंच बोलली ती. पण मास्तरांच्या मनाला ते फार लागलं. आपण पोरीचं भलं करत होतो की तिची किंमत कमी करत होतो? त्यांना स्वतःची लाज वाटली. ते मशीनवर बसले, आणि सदरे पुरे होईपर्यंत उठले नाहीत.

रविवारी सकाळी मास्तरांनी दुकानासमोर तार बांधली आणि सगळे सदरे ओळीने टांगले. एक कापड, एक रंग, सगळ्यांना दोन-दोन खिसे. गिऱ्हाइकं एकाच वेळी येऊन थडकली. गिरणीवाल्याने दूधवाल्याकडे बघितलं, दूधवाल्याने गवंड्याकडे, आणि गवंड्याने पायातल्या चपलेकडे.

"हे काय, मास्तर? शाळा काढली काय?" गिरणीवाल्याने हसण्याचा प्रयत्न केला.

"नाव मी कुणाचं घेणार नाही," मास्तर म्हणाले. "ज्याने त्याने आपला ओळखावा. पहिला सदरा माझ्या लेकीचा आहे. पंपाच्या नोकरीसाठी मी माझ्या घरातली मतं देऊन टाकली होती. चुकलो मी!"

मग दूधवाल्याने कपाळावर हात मारला. "तिसरा माझ्या जावयाचा!"

रस्त्यापलीकडे पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता. एकटा जीव, गावातल्या निम्म्या शेतांवरच्या पाण्याच्या मोटारीही तोच दुरुस्त करायचा. त्याने तिथूनच विचारलं, "मला कसं नाही कुणी विचारलं?"

"तुझ्या घरात मत एकच ना बाबा!" कुणीतरी थट्टा केली. पण या थट्टेवर कुणाला हसू आलं नाही.

तेवढ्यात होईलभाऊंची मोटरसायकल आली. हात जोडतच ते उतरले, आणि तारेकडे बघून त्यांचे हात जोडलेलेच राहिले.

"होईल, होईल! सगळ्यांचं होईल!"

"कसं होईल?" आक्काने विचारलं. "पंप तर एकच आहे."

"आळीपाळीने!" गिरणीवाला ओरडला. "सोमवारी माझा पुतण्या, मंगळवारी याचा जावई!"

हशा पिकला. गवंडी मात्र हसला नाही. "भाऊ, नोकरीचं राहू द्या. पाण्याची टाकी कधीपासून गळतेय. ती दुरुस्त होईल का, कधी होईल, ते चारचौघांत सांगा."

आयुष्यात पहिल्यांदाच होईलभाऊंच्या तोंडून 'होईल' निघालं नाही. त्यांना अचानक महत्त्वाचं काम आठवलं.

निवडणुकीत होईलभाऊंच्या विरोधात उभ्या होत्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्यांनी आधीपासून एकच सांगितलं होतं, "नोकरी माझ्या हातात नाही. सगळ्यांसमोर पंप चालवून दाखवेल त्याला मिळेल." तेव्हा त्यांना लोक नाकं मुरडत होते. म्हणे, बाईला राजकारण कळत नाही! आता त्याच लोकांनी घरोघरी जाऊन तेच बोलणं सांगितलं. बाई निवडून आल्या, पण थोडक्यात. गावाला शहाणपण एका रविवारात येत नसतं.

पंपघरासमोर परीक्षा झाली. शेजारगावचा जाणकार मिस्त्री परीक्षक होता. त्याने पंपात मुद्दाम एक बिघाड करून ठेवला होता. मास्तर देव पाण्यात घालून बसले होते. मुलीने न घाबरता काम केलं. पण बिघाड शोधायला तिला वेळ लागला. पहिला आला पंक्चरवाला. ती दुसरी.

मास्तरांचा चेहरा पडला. घरी येताना मुलगीच म्हणाली, "बाबा, त्याचा हात खरंच चांगला आहे. माझं कुठे चुकलं ते बघितलं मी. पुढच्या वेळी नाही चुकणार." नोकरी हातची गेली, असं मास्तरांना म्हणता येईना. ती तिच्या हातात कधी आलीच नव्हती. आता मात्र मुलगी खरी उमेदवार होती.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाला संकोचत दुकानात आला. "मास्तर, खाकी सदरा लागेल म्हणतात."

मुलीने तारेवरचा आपला सदरा काढला आणि बापापुढे ठेवला. "हाच मोठा करून द्या. आत कापड सोडलंय तुम्ही."

मास्तर बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

मंडळी, आपणही असाच एखादा सदरा गुपचूप शिवायला टाकलेला नाही ना, हे एकदा बघा. आपल्या घरापुरतं काही मागून दिलेलं मत सगळ्या गावाला उपाशी ठेवतं, आणि शेवटी आपल्यालाही. मागायचंच असेल तर सगळ्यांसमोर मागा, आणि सगळ्यांसाठी मागा.

"कधी मिळेल, मास्तर?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"उद्या ये," मास्तर सवयीने म्हणाले. मग त्यांनी कात्री उचलून खांद्याची शिलाई उसवायला घेतली. "नाही, बस इथे. आत्ता घेऊन जा."