कडूबाईच्या पोटात मी काय पाहिलं

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे, मित्रांनो. तोंडातून माणसाच्या पोटात उतरणारी काळी, बोटाएवढी जाड नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. नगरच्या एका दवाखान्यात आले तेव्हा माझ्यापुढे नारळ फोडला होता. आता नवी आली आहे, म्हणून मला सगळे ‘ती जुनी’ म्हणतात. म्हणोत बापडे. लोकांच्या ओकाऱ्या मीच सोसल्या आहेत.

कडूबाई पारनेरकडची. गुडघे दुखायचे म्हणून ती किराणा दुकानातून सुट्ट्या गोळ्या आणायची आणि रोज सकाळी उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर गिळायची. पुढे पोटात आग पडू लागली, शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. सून मोनिका म्हणाली, “आत्या, नगरला जाऊन दुर्बीण घालून बघू.”

ऐकतंय कोण! शेजारणीने कान भरले, कुणीतरी करणीचं खाऊ घातलंय म्हणून. मग ‘पोटातलं काढून देणारा’ एक बाबा गाठला. त्याने कडूबाईच्या बेंबीला तोंड लावून ओढल्यासारखं केलं आणि केसांचा पुंजका थुंकला. घरात स्वयंपाक कोण करतं? मोनिका. झाला न्याय! त्याच दिवशी तिची पिशवी अंगणात पडली आणि ती राजूरला माहेरी गेली. तिचा नवरा आदिनाथ तेवढा वेळ गोठ्यात जाऊन उभा राहिला.

मग कडूबाईला रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठे तिला माझ्याकडे आणलं. डॉक्टर अंजुम यांनी मला आत सोडलं. जठराच्या भिंतीला रुपयाएवढी जखम होती, रक्त पाझरत होतं. माझ्यातूनच त्यांनी ते थांबवलं, तपासणीला चिमूटभर तुकडा काढला आणि आदिनाथला पडद्यासमोर उभं केलं.

“हा अल्सर. दुखण्याच्या गोळ्यांनी झालाय. जंतूही आहेत का, ते तुकड्यावरून कळेल.”

“आन् बाबानं ओढून काढले ते केस? त्यापायी तर बायको माहेरी गेली.”

“ते तुमच्या बाबाच्याच तोंडात होते. आधी बायकोला फोन लावा.”

“बघतो,” आदिनाथ म्हणाला.

तपासणीत जंतू निघाले. दोन आठवडे त्यांचं औषध, पुढे ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या, आणि गुडघ्याच्या त्या गोळ्या कायमच्या बंद. दोन महिन्यांनी मी पुन्हा आत गेले. जखम भरून आली होती. मला फार बरं वाटलं.

कडूबाईने पदराने तोंड पुसलं. “मी म्हनलं नव्हतं? ती अवदसा घरातून गेली आन् पोट थंड झालं.”

डॉक्टर अंजुम आदिनाथकडे बघत राहिल्या. त्याने पडद्यावर सगळं पाहिलं होतं, एकदा सोडून दोनदा.

“व्हय,” तो म्हणाला आणि फाईल पिशवीत घातली.

मित्रांनो, उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खाऊ नका. शौचाला काळं झालं तर लपवू नका, डॉक्टरकडे जा. मला धुऊन-पुसून नीट ठेवा, मी अजून चालेन. आणि राजूरच्या बाजाराला कुणी गेलात, तर मोनिकाला सांगा, मी आत जाऊन पाहिलंय, तिथं तिनं घातलेलं काहीच नव्हतं. तिच्या नवऱ्यानंही पाहिलंय, तेही सांगा.