कानानं निवडलेला गिअरबॉक्स

वलगावच्या खुशालरावाच्या काळ्या-पिवळ्या जीपचा गिअरबॉक्स बसला, तेव्हा तो आवाज चांदूर बाजारपर्यंत गेला आणि तिथल्या बायांनी वाळवणं उचलून घरात नेली. मी हे कमी करूनच सांगून राहिलो.

जीप ओढत अमरावतीला फारुख मिस्त्रीकडे नेली. त्यानं गिअरबॉक्स उतरवला आणि दोन वाटा सांगितल्या. नवा मागवला तर पंधरा दिवस, अकोल्याहून रिकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला, आणला तर आठ. त्याचं स्वतःचं मत नव्याचं होतं. पण वलगावच्या थांब्याचा नियम कडक. लाइनीतल्या जीपनं नवव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सवाऱ्यांची एकही फेरी मारली नाही, तर तिचा नंबर दुसऱ्याला जातो. खुशालरावाचा सात नंबर बावीस वर्षांचा. तो गेला की सवारी गेली, आणि या माणसाला गाडी चालवण्याशिवाय काहीच येत नव्हतं. बैल जुंपायला सांगा, आधी किल्ली शोधेल.

म्हणून रिकंडिशन ठरला. या धंद्यात रिवाज असा की आपला जुना माल आधी दुकानात जमा करायचा, मग बदली मिळतो. फारुखनं जुना बॉक्स अकोल्याच्या टेम्पोत टाकला. सहाव्या दिवशी खुशालराव स्वतः तिकडे गेला. दुकानदार देईल तोच आण, असं फारुखनं बजावलं होतं.

दुकानात पाच गिअरबॉक्स चंदेरी रंग मारून ओळीनं मांडले होते. खुशालरावाचा भरोसा कानावर. रस्त्यानं गेलेली जीप कोणाची, हे तो खाटेवर पडून सांगायचा. तिचा ड्रायव्हर जेवला की उपाशी, हेही. त्यानं एकेकाचा दांडा हातानं फिरवून कान लावला. चार परके वाटले. पाचव्यापाशी त्याचा चेहरा उजळला.

"हा पाहा. घरच्या माणसावानी बोलते."

"थो नोका घेऊ, भाऊ," दुकानदार म्हणाला. "परवाच आला. धुतला आन् चुकून रंगाच्या ओळीत लागला. आतून खोललाच नाई. हा दुसरा न्या, याची ग्यारंटी देतो."

आता दुकानदार नको म्हणते तोच माल खरा, हे आम्ही वऱ्हाडातले लोक पाळण्यातच शिकतो. खुशालरावानं डोळा मारला.

"मले नोका शिकवू, शेठ. चांगला माल कोणाच्या जावयासाठी लपवून राहिले?"

दुकानदारानं तीनदा सांगितलं, तशी खुशालरावाची खात्री तिप्पट झाली. शेवटी त्यानं हात जोडले आणि ग्यारंटी नाही असं पावतीवर लिहून दिलं. त्याचाही खुशालरावाला आनंदच झाला.

टेम्पोनं माल पोचायला दोन दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी फारुखनं बसवायला घेतला. एका जागी रंगाचा पापुद्रा निघाला होता. तो नखानं खरवडून बघत बसला.

"खुशालभाऊ, ये तो मेरीच वेल्डिंग है."

खुशालरावाचाच जुना बॉक्स अकोल्याची हवा खाऊन, नटूनथटून परत आला होता. फारुख चिडलासुद्धा नाही. दुसरा मागवायला वेळच नव्हता. त्यानं तोच पुन्हा बसवला. पुढचे सगळे गिअर मेले होते. रिव्हर्स तेवढा पडत होता.

खुशालराव रिव्हर्समध्येच निघाला. अमरावती ते वलगाव, मान मागं वळवून. एक म्हातारा ती जीप पाहून आपलं काही घरी राहिलं असं वाटून माघारी फिरला. एक बैलजोडी अर्धा कोस उलटी चालली. पाच वाजायच्या जरा आधी जीप थांब्यावर पोचली आणि सात नंबरच्या जागेत मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

थांब्याचा प्रमुख देवराव घड्याळ पाहत उभा होता. आला तू वेळेवर, हे मानतो, पण नियम फेरीचा आहे, असं तो म्हणाला. खुशालराव सवाऱ्यांकडे पाहू लागला. गोदाबाई एकटी चढली. जीप कोणत्या तोंडानं जाणार ते विचारून ती उतरली आणि आपली पिशवी घेऊन, नंबराची वाट पाहत बाजूला उभ्या असलेल्या कुलदीपच्या जीपकडे गेली.

पाच वाजले. देवरावानं पाटीवरचा सात पुसला. कुलदीपचं नाव लिहिलं. लिहिताना त्यानं खुशालरावाकडे पाहायचं टाळलं.

"जीप काढ बावा. कुलदीपले लावू दे."

खुशालरावानं किल्ली फिरवली. इंजिन एकदम झकास लागलं. मागं भिंत होती. तो स्टेअरिंग धरून तसाच बसून राहिला, आणि कुलदीपही हॉर्न न वाजवता समोर थांबला.